पऱ्हाटी गाडल्यावर कपाशी पिवळी का पडली, आणि बरड वावरात काडीकचरा कसा जिरवायचा

पारोळ्याकडच्या एका तरुण भावाने विचारलंय, थोडक्यात असं. सहा एकर बरड, म्हणजे हलकी मुरमाड जमीन आहे, विहिरीला दिवाळीपर्यंतच पाणी. मागच्या वर्षी सगळे सांगतात म्हणून पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उभी राहिलेली कपाशीची झाडं, न पेटवता मे महिन्याच्या शेवटी रोटाव्हेटर मारून गाडल्या, जूनमध्ये पाऊस झाल्याझाल्या त्याच वावरात परत कपाशी लावली आणि महिन्याभरात सगळं वावर पिवळं. शेजारच्याने पेटवून दिलं होतं त्याची कपाशी हिरवीगार. आता वडील म्हणताहेत यंदा गुपचूप काडी लावून मोकळा हो. तर काय करू?

भाऊ, काडी लावू नको, आधी एवढंच सांगतो. पण वडिलांवर चिडू पण नको, त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच बोलताहेत. माझ्याही वावरात हेच झालं होतं, बोरी नदीकाठची जमीन म्हणून सांगायला काठची पण निम्मं वावर मुरमाड, हातभर खाली गेलं की मुरूम लागतो. पहिल्या वर्षी मी पण उन्हाळ्यातच वाळून कडक झालेल्या पऱ्हाट्या गाडल्या होत्या आणि बांधावरून जाणारे म्हातारे आबा थांबून म्हणाले होते, "हाई काय खेळ मांडेल शे?" त्या वर्षी मला उत्तर देता आलं नाही. आता बरीच वर्षं करतोय म्हणून सांगतो.

आधी पिवळं का पडलं ते समजून घे, कारण ते समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. जमिनीत जे जिवाणू आणि बुरशी काडी कुजवतात त्यांच्या स्वतःच्या अंगात साधारण ८ भाग कर्बाला (कार्बन) १ भाग नत्र (नायट्रोजन) असतं. हिरव्या डाळवर्गीय पाल्यात हे प्रमाण २०-२५ ला १ असतं, म्हणून तो पाला पटकन कुजतो आणि उलट जमिनीला नत्र देऊन जातो. मक्याच्या ताटात ६० ला १ च्या घरात, गव्हाच्या काडात ८० च्या आसपास, आणि पऱ्हाटी तर लाकूडच, कर्ब भरपूर नत्र नावाला. आता एवढा कर्ब खायला मिळाला की जिवाणू वाढतात, पण अंग बनवायला नत्र लागतं ते काडीत नाही, मग ते मातीतलं ओढतात. तू पेरणीबरोबर टाकलेला युरिया तुझ्या रोपाच्या आधी त्यांनी खाल्ला. हे नत्र कुठं गेलं नाही, उसनं घेतलंय, जिवाणू मेले की परत मिळतं, पण ते मिळतं दोन-तीन महिन्यांनी आणि तुझं रोप तर पंचवीस दिवसांचं असतांना उपाशी होतं. तू नीट आठव, ऑगस्ट संपता संपता ती कपाशी स्वतःहून थोडी सुधारली असेल. शेजारच्याच्या वावरात उसनवारीच नव्हती म्हणून त्याची हिरवी राहिली, एवढाच त्या हिरवेपणाचा अर्थ.

एक गोष्ट मात्र तपासून घे. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून वर चढत गेला असेल तर तो नत्राचा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं असेल तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, आपल्याकडे चुनखडीच्या जमिनी खूप, सामू (पीएच) ८ च्या वर, तिथं हे नेहमी दिसतं आणि त्याचा पऱ्हाटीशी संबंध नाही. लोक दोन्हीला एकच समजून युरिया फेकत राहतात.

म्हणजे तुझी चूक गाडण्यात नव्हती, वेळेत होती. काडी वाळून लाकूड झाल्यावर गाडली, कुजायला ओल मिळाली ती थेट जूनमध्ये, आणि त्याच जूनमध्ये नत्राला सगळ्यात हावरं पीक डोक्यावर बसवलं.

आता यंदाचं. दिवाळी झालीय, तुझ्या अजून एक-दोन वेचण्या बाकी असतील. फरदडीच्या, म्हणजे तीच कपाशी पाणी देऊन लांबवण्याच्या, नादी लागू नको, डिसेंबर अखेर कपाशी संपव. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने जे केलं ते सगळ्यांना आठवत असेल, ती अळी राहिलेल्या किडक्या बोंडात झोपून राहते आणि पुढच्या हंगामाला उठते, जितकी कपाशी लांबवशील तितकी तिची सोय. शेवटची वेचणी झाली की मेंढ्या बसव. ठेलारी मेंढपाळ लोकं साक्री-धुळ्याकडून आपल्याकडे उतरतातच, त्यांच्याशी आधी बोलून ठेव. मेंढ्या काय करतात बघ, हिरवी राहिलेली बोंडं अळीसकट खातात, पाला खातात, आणि रात्रभर बसल्या की लेंडी आणि मूत वावरात पडतं. म्हणजे ज्या पऱ्हाटीला नत्र कमी आहे तिच्याच बुडाशी नत्र येऊन पडलं. आपले बापजादे मेंढ्या बसवायचे त्याला नुसतं खत म्हणून बघू नको, काडी कुजवायला लागणारं विरजण आहे ते.

मेंढ्या उठल्या की लगेच, आठ दिवसाच्या आत, पऱ्हाटी बारीक करायची. तुला एक साधी खूण सांगतो. नखाने पऱ्हाटीची साल खरवड. आत हिरवं आणि ओलसर लागलं, नख रुतलं, तर आजच श्रेडर (काड्या चिरून बारीक करणारं ट्रॅक्टरचं यंत्र) बोलव. नख घसरलं आणि आत पांढरट कोरडं दिसलं तर उशीर झालाय, तरी कर पण मग कुजायला डबल वेळ धर. ओली पऱ्हाटी श्रेडरमध्ये चिरली जाते, तिचे रेषे फाटतात आणि बुरशीला आत शिरायला हजार दारं होतात, वाळलेली नुसती तुटते, बोटभर लाकडाचे गुळगुळीत तुकडे पडतात आणि ते पुढच्या वर्षीपण तसेच सापडतात. नुसता रोटाव्हेटर उभ्या पऱ्हाटीवर घालू नको, काड्या पात्यांना गुंडाळतात आणि निम्म्या अख्ख्याच राहतात. श्रेडर गावात नसेल तर भाड्याने मागव, दोन-चार जणांनी मिळून एका दिवशी बोलावला तर परवडतो.

आणि चिमट्याने उपटू नको. उपटून बांधावर रचली की मूळ पण गेलं, आणि खरा माल मुळात असतो, वरच्या काडीपेक्षा मुळाचा कर्ब जमिनीत जास्त टिकतो कारण तो आधीच मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. मूळ कुजलं की तिथं पोकळी राहते, पावसाचं पाणी त्या नळीतून खाली उतरतं, बरड जमिनीला याच्याइतकी स्वस्त नांगरटी नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातात सगुणा तंत्र उभं केलं त्याचा पायाच हा आहे, मुळं जागेवर ठेवायची. फक्त कपाशीचं खोड जमिनीलगत कापावं लागतं, वर ठेवलं तर परत फुटतं आणि त्या फुटव्यावर पिठ्या ढेकूण बसतो, म्हणून श्रेडर झाल्यावर वखराची एक उथळ पाळी. मर किंवा मूळकूज झालेली झाडं मात्र उपटून बाहेर काढ आणि जाळ, तसंच न उमललेली किडकी बोंडं हाताने वेचून जाळ, काडी लावायला माझी ना आहे ती चांगल्या पऱ्हाटीला.

आता गाडायचं का वर ठेवायचं. तुझ्याकडे जानेवारीत पाणी नाही, म्हणून मी म्हणेन खोल गाडूच नको. कुजण्याला ओल लागते, कोरड्या ढेकळात गाडलेली काडी मे महिन्यापर्यंत जशीच्या तशी राहते, मी उकरून पाहिलीय. वरच पसरलेली राहू दे, वखराने अर्धवट मातीत अडकली की वावटळीने उडत नाही. याचे दोन फायदे. एक तर आपल्याकडचं ऊन, भुसावळ-जळगावला ४५ च्या वर पारा जातो, उघडी काळी माती त्याच्याही पुढे तापते आणि असलेला कर्ब जळून जातो, वर पांघरूण असलं की हाताला फरक कळतो. दुसरं म्हणजे वर असलेली काडी फक्त जिथं मातीला टेकते तिथंच नत्र ओढते, सगळ्या थरात मिसळली तर सगळीकडून ओढते. पिवळेपणाचा अर्धा प्रश्न इथंच सुटतो. मात्र बोंडअळी जास्तच होती असं वाटत असेल तर त्या तुकड्यात एक नांगरटी करून कोष उन्हात आण आणि पुढच्या हंगामात तिथं कपाशी घेऊ नको.

ज्यांच्याकडे ठिबकला पाणी आहे त्यांनी हिवाळ्यातच मिसळून टाकावं आणि एक-दोन पाणी द्यावं. राहुरी विद्यापीठाची उसाच्या पाचटासाठी शिफारस आहे की टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू कल्चर, मी पऱ्हाटीला साधारण तेच धरतो. कोरडवाहू एकराला पऱ्हाटी टनभर निघते, म्हणजे हिशोब सोपा. तू हा युरिया आता टाकू नको, कोरड्यात वाया जाईल, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर टाक आणि पेरणी आठ-दहा दिवस मागे ने.

कल्चरबद्दल वेगळं बोलतो कारण दुकानात बाटल्या खूप झाल्यात. मी एका वर्षी एप्रिलमध्ये महागडी बाटली आणून फवारली, विकणाऱ्याने एकवीस दिवसात चहापत्ती होईल सांगितलं होतं, काहीही झालं नाही. जिवाणू पाण्याशिवाय काम करत नाहीत. ट्रायकोडर्मा चांगलं, शेणाची स्लरी चांगली, वेस्ट डीकंपोजर गूळ घालून घरच्या ड्रममध्ये वाढवता येतं, पण ओल असेल तेव्हाच, संध्याकाळी, नाहीतर पैसे मातीत. ओल आणि नत्र असलं तर तुझ्या मातीत आधीपासून असलेली बुरशीच पुरते.

पुढचं पीक कोणतं हा सगळ्यात मोठा निर्णय आहे आणि इथंच बहुतेक जण चुकतात. जिथं पऱ्हाटी जिरवली तिथं पहिल्या खरिपात कपाशी, मका, ज्वारी नको. उडीद, मूग, चवळी किंवा सोयाबीन घे, मध्ये तुरीचे तास टाक. डाळवर्गीय पीक स्वतःचं नत्र गाठींतून आणतं, जिवाणूंच्या उसनवारीचा त्याला त्रास कमी. उडीद-मूग तोडला की त्याचा पाला तिथंच, आणि मग ओल असली तर हरभरा किंवा दादर, म्हणजे रब्बी ज्वारी. दादरीला तोपर्यंत उसनं गेलेलं नत्र परत मिळायला लागलेलं असतं. पेरतांना एक अडचण येईल ती आधीच सांगतो, तिफणीत आणि ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात तुकडे अडकतात, फणाला गोळा होऊन ओळीच्या ओळी रिकाम्या राहतात. म्हणून तुकडे दोन-तीन इंचाचेच हवेत, आणि पहिल्या वर्षी जमलं तर टोकण कर.

किती दिवसात फरक पडेल, तर खरा हिशोब मांडतो कारण खोट्या आशेने लोक दोन वर्षात सोडून देतात. एकरात वरची अर्धा फूट माती धरली तर साधारण ९ लाख किलो भरते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे त्यात ९०० किलो कर्ब टिकवायचा. टनभर वाळल्या काडीत कर्ब ४०० किलोच्या वर असतो, पण त्यातला बहुतेक जिवाणूंच्या श्वासातून हवेत जातो, एक-दोन वर्षांनंतर मातीत उरतो तो ६०-८० किलो. म्हणजे ०.१ टक्क्यासाठी बारा-तेरा टन काडी लागणार. नुसत्या पऱ्हाटीवर बारा वर्षं गेली, आणि आपल्या उन्हात जुना कर्ब जळतो ते वेगळंच. हे ऐकून निराश होऊ नको, याचा अर्थ एवढाच की एका गोष्टीवर भागत नाही. बांधावर गिरिपुष्प लाव, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, पाल्यात नत्र अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि पऱ्हाटीवर टाकला की दोघांची जोडी जमते. एखाद्या पट्ट्यात ताग किंवा धैंचा करून ४५-५० दिवसांचा, फुलावर यायच्या आत मोडून टाक. तुराट्या, उडदाचं भुसकट, वेचलेलं तण, काहीही वावराबाहेर जाऊ देऊ नको.

पण प्रत्येक काडी जमिनीतच घाला असं मी म्हणणार नाही. ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमड, हरभऱ्याचं कुटार हे जनावराच्या पोटातून गेलं पाहिजे, घरी बैल-म्हैस असतांना कडबा गाडणं मला पटत नाही. फक्त गोठ्यातलं परत आलं पाहिजे, उकिरड्यावर उन्हात वाळलेलं नाही तर खड्ड्यात ओलं ठेवून कुजवलेलं. मका कापतांना मात्र जमिनीसरपट कापू नको, वीतभर धसकट ठेव. आणि पांढऱ्या कोळशासाठी, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांसाठी, पऱ्हाट्या नेणाऱ्या गाड्या येतात, फुकट वावर साफ होतं म्हणून लोक खुश असतात. जमीन भारी असेल, सिंचन असेल तर ज्याचा त्याचा विचार, पण बरडवाल्याने ती गाडी बांधावरूनच परत पाठवावी असं मला मनापासून वाटतं. तिथं आहे काय दुसरं जमिनीला द्यायला.

पेटवल्यावर राखेत पालाश (पोटॅश) उरतो हे खरं आहे, वडील ते सांगतीलच. पण नत्र आणि गंधक धुराबरोबर गेलं, कर्ब गेला, आणि ती राख पहिल्या जोराच्या पावसात उतारावरून नाल्यात. आपल्या जमिनी आधीच विम्लाकडे (सामू जास्त) झुकलेल्या, त्यांना राखेची गरज नाही.

रावेर-यावल-चोपड्याच्या केळीवाल्यांनी पण विचारलं होतं म्हणून थोडं. तुमच्याकडे तर सोनं पडलंय आणि ते नाल्यात, रस्त्याच्या कडेला फेकलं जातं. हेक्टरी ६०-८० टन ओले खांब निघतात, ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं पण पालाश भरपूर, आणि केळीला पालाशच जास्त लागतो, तोच आपण पोत्यातून विकत आणतो. नवसारी कृषी विद्यापीठाने खांबाच्या रसापासून द्रवखत बनवून दाखवलंय, एवढी त्यात ताकद आहे. घड काढल्यावर पिलबाग (बुडातून फुटलेल्या पिलांवर पुढचं पीक) ठेवायची असेल तर खांब एकदम बुडातून तोडू नका, टप्प्याटप्प्याने कमी करा, त्यातलं अन्न पिलाला जातं. बाग मोडायची असेल तर खांब उभे चिरून मग तुकडे करा, अख्खा खांब सावलीत पडून राहिला की सोंडकिडीला तेच घर मिळतं. ढीग करू नका, आतून सडका आंबट वास येतो म्हणजे हवा नाही, दोन ओळींच्या मध्ये पातळ पसरा. आणि त्याच्या आधी घडांवरच्या प्लास्टिकच्या स्कर्टिंग बॅगा आणि सुतळ्या सगळ्या वेचून काढा. मी एका बागेत मल्चर चाललेला पाहिला, निळ्या प्लास्टिकच्या चिंध्या मातीत अशा मिसळल्या की आता कोणाच्या बापाला निघणार नाहीत. हरण्या (विषाणूचा रोग) किंवा मर असलेलं झाड असेल तर ते मल्चरखाली न घालता आधी वेगळं काढून नष्ट करा, मर असलेल्या बागेतले खांब दुसऱ्या बागेत तर चुकूनही नेऊ नका.

परत तुझ्याकडे. वडिलांना दाखवायला एक गोष्ट कर, मी घरी तेच केलं होतं. बांधावरचं, जिथं कधी नांगर लागला नाही तिथलं गवताखालचं एक ढेकूळ घे, लिंबाएवढं, आणि वावराच्या मधलं तेवढंच दुसरं. दोन्ही सावलीत वाळव. दोन काचेच्या ग्लासात पाणी घेऊन अलगद सोड. वावरातलं ढेकूळ बुडबुडे सोडत एक-दोन मिनिटात पसरतं, पाणी चहासारखं गढूळ होतं, बांधावरचं बराच वेळ तसंच बसून राहतं, मुळांच्या बारीक केसांनी आणि बुरशीच्या चिकट धाग्यांनी धरलेलं असतं ना. माती तीच, एकाच बापाची, मध्ये दहा पावलांचं अंतर. माझे वडील तो ग्लास हातात घेऊन बराच वेळ उभे होते, काही बोलले नाहीत, पण त्या वर्षीपासून काडेपेटी घेऊन वावरात गेले नाहीत.

माझ्या मुरमाड तुकड्यात पहिला फरक दिसला तो तिसऱ्या पावसाळ्यात, उत्पन्नात नाही, तर पावसाची पपडी धरायची बंद झाली आणि उडीद एकसारखा उगवला. नंतर दोन पावसातला खंड चार-पाच दिवस जास्त सोसायला लागली. ऑगस्टमध्ये काडीचा तुकडा उचलला की खाली पांढरे धागे, गांडुळाच्या विष्ठेच्या गोळ्या आणि पहिल्या पावसाचा वास. वाळवी पण येते, घाबरू नको, ती मेलेलं लाकूडच आधी खाते, रोपाच्या बुडापासून तुकडे हातभर बाजूला सारून ठेव.

सहाच्या सहा एकर एकदम करू नको. दीड एकर घे, तो पण रस्त्याकडचा नको, सगळ्यात खराब जो असेल तो, आणि उरलेलं वडिलांच्या मनाप्रमाणे होऊ दे. मार्च-एप्रिलमध्ये दोन्हीकडचे मातीचे नमुने वेगवेगळे तपासून घे आणि दर दोन वर्षांनी त्याच महिन्यात त्याच जागेवरून घे, नाहीतर आकडे जुळत नाहीत. ठेलारी आत्ता अमळनेर-पारोळा पट्ट्यात यायला लागले असतील, त्यांना पौष महिन्याचे तीन-चार मुक्काम आजच बोलून ठेव, नंतर सगळ्यांनाच एकदम हवे असतात. आणि जुलैमध्ये परत पिवळं दिसलंच तर खालचं पान आणि शेंड्याचं पान दोन्हीचा फोटो पाठव, एकाच पानावरून मला सांगता येणार नाही.